दात सरळ करण्याआधी

वेस्ट हॅम्पस्टेड, लंडन

चि. सानिका,

तुझा लांबलचक व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. एकदा भांडी घासताना, एकदा नीट बसून. मधेच तू रडलीस, ते मला ऐकू आलं नाही असं समज. त्या सगळ्या पसाऱ्यात प्रश्न दोनच आहेत. एक, त्या कास्टिंगवाल्याने सांगितलं म्हणून दात सरळ करून घेऊ का. दोन, तुझ्याहून वयाने मोठ्या हीरोची आई म्हणून डेली सोप घेऊ का. पहिल्याचं उत्तर इथेच देऊन टाकते: नको. दुसऱ्याचं उत्तर एका शब्दात देता येत नाही, म्हणून हे पत्र. व्हॉट्सअ‍ॅपवर उपदेश केला की तू अंगठा दाखवतेस आणि विषय संपतो.

मेसेजच्या शेवटी तू टोमणाही मारलास, ‘तुमच्याकडे काय मावशी, म्हाताऱ्यांनासुद्धा कामं मिळतात.’ जुडी डेंच आणि मॅगी स्मिथ तुझ्या डोळ्यांसमोर असणार. त्या दोघी थोरच. पण इथल्या बाकीच्या नट्या चाळिशीनंतर जातात कुठे, हे त्यांच्याकडे बघून कळत नाही. म्हणून मी तुला तिसरीच बाई सांगते. ग्लेन्डा जॅक्सन. दोन ऑस्कर मिळवलेली नटी, आणि बरीच वर्षं आमच्या भागाची खासदार. 2010 च्या निवडणुकीत ती अवघ्या 42 मतांनी निवडून आली. त्यातलं एक माझं, असं मी आजही सांगत फिरते. तिला मत दिलेला प्रत्येक जण हेच सांगत असणार, ते सोड.

ती बर्कनहेडची, म्हणजे लिव्हरपूलसमोरच्या काठावरची. जन्म 1936 चा. बाप गवंडी, आई दुकानात काम आणि लोकांच्या घरी साफसफाई करणारी. चार बहिणींत ही थोरली. सोळाव्या वर्षी शाळा सोडली आणि बूट्स या औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभी राहिली. तिथे दोन वर्षं काढली. संध्याकाळी हौशी मंडळींबरोबर नाटक. कुणीतरी म्हणालं, तू हे शिक, म्हणून अर्ज केला आणि 1954 मध्ये रॉयल अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्टची स्कॉलरशिप मिळाली. इथे त्या संस्थेला सगळे ‘राडा’ म्हणतात. हसू नकोस.

शिक्षण संपताना राडाच्या प्रिन्सिपॉलनी तिला सांगितलं की तू मुळात कॅरेक्टर अ‍ॅक्ट्रेस आहेस, चाळिशीपर्यंत फारशा कामाची अपेक्षा ठेवू नकोस. विशीतल्या पोरीला हे ऐकवलं! तुझ्या कास्टिंगवाल्याने निदान डेंटिस्टचा रस्ता तरी दाखवला.

आता इथे सगळे गोष्ट सांगणारे त्या प्रिन्सिपॉलला मूर्ख ठरवून पुढे जातात. मला ते पटत नाही. माणूस चुकला नव्हता. पन्नासच्या दशकातल्या इंग्लिश रंगभूमीवर तरुण मुलीला काम म्हणजे दिवाणखान्यातली कॉमेडी. गोड चेहरा, उच्चभ्रू उच्चार, हातात टेनिसची रॅकेट. जाड भुवया, रुंद जिवणी, गवंड्याच्या घरातला करडा आवाज हे त्या दिवाणखान्यात कुठे बसवणार? त्याने त्या दिवसाचा भाव बरोबर सांगितला. फक्त तो भाव कायमचा आहे असं गृहीत धरलं. 1956 मध्ये रॉयल कोर्ट थिएटरला जॉन ऑसबर्नचं ‘लुक बॅक इन अँगर’ लागलं, आणि बघता बघता लंडनच्या रंगमंचावर इस्त्रीचं टेबल, भाड्याची खोली आणि चिडलेली माणसं आली. पुढच्या दहा वर्षांत असेच चेहरे हवेसे झाले. तुझा कास्टिंगवालाही आजचा भाव सांगतोय. आजचा सांगण्याबद्दल त्याच्यावर राग धरू नकोस. पण त्या भावाला भुलून तोंडात हत्यारं घालून घेऊ नकोस. उद्या भाव बदलला तर ते दात परत वाकडे करायला कोण येणार आहे?

बदल झाला तोही ग्लेन्डाला लगेच फळला नाही. आधी गावोगावच्या ‘रेप’ कंपन्या. म्हणजे एक नाटक संध्याकाळी करायचं आणि पुढच्या नाटकाची तालीम सकाळी, अधूनमधून स्टेज मॅनेजरचंही काम. मग 1958 ते 1961 या काळात तर जवळजवळ अडीच वर्षं नाटकाचं काहीच काम नव्हतं. लग्न नुकतंच झालेलं. या काळात तिने सोहोमधल्या कॉफी बारमध्ये वाढपीपणा केला, एका मोठ्या कंपनीत कारकुनी केली, दुकानात उभी राहिली, आणि नाटकवाल्यांच्या एका एजंटकडे फोन उचलले. हे शेवटचं मला सगळ्यात जास्त लागतं. दिवसभर दुसऱ्यांची कामं पक्की होताना ऐकायची आणि निरोप लिहून ठेवायचे. या नोकऱ्यांनी आपला जीव गेला, असंच ती पुढे बोलत आली. म्हणून तूही ‘संघर्ष’ हा शब्द गोड करून वापरू नकोस. तुझे बाबा बँकेच्या परीक्षेचं म्हणतात ते तुला टोचतं, हे मला कळतं. पण पोटासाठी नोकरी करणं म्हणजे नाटक हरणं नव्हे. ते फक्त पोट आहे.

1964 च्या सुरुवातीला पीटर ब्रूकने रॉयल शेक्सपिअर कंपनीसाठी थोडे नट घेऊन एक प्रायोगिक सीझन केला, ‘थिएटर ऑफ क्रुएल्टी’ नावाचा. त्यात ग्लेन्डा निवडली गेली. सत्तावीस वर्षांची. तुझ्याहून एका वर्षाने लहान. त्यातला एक प्रवेश ऐक. एका मंत्र्याच्या त्या वेळी गाजत असलेल्या लफड्यातली ख्रिस्तीन कीलर म्हणून तिचे कपडे उतरवले जातात, तिला टबात आंघोळ घातली जाते, तुरुंगाचा पोशाख चढवला जातो. आणि त्याच क्रमात, त्याच नटीची जॅकी केनेडी होते. तोच टब नवऱ्याची शवपेटी म्हणून उचलला जातो. बदनाम मुलगी आणि राष्ट्राची विधवा, एकाच शरीरात, मध्ये पडदा नाही. आता सांग, यात दातांची रांग कुणी बघितली असेल?

त्याच वर्षी ‘मारा/साद’. वेड्यांच्या इस्पितळातले रुग्ण फ्रेंच राज्यक्रांतीचं नाटक करतात, आणि ग्लेन्डा त्यातली शार्लट कॉर्दे, मारेकरी, पण झोपेचा आजार असलेली. ते नाटक बसवणारा साद स्वतःला फटके मारून घेतो तो प्रवेश ब्रूकने असा बसवला की चाबूकच नाही. ग्लेन्डा आपले लांब केस पुढे घेते आणि मान झटकून त्या केसांनी त्याच्या पाठीवर मारते. फटक्याचा आवाज बाकीचे रुग्ण तोंडाने काढतात. याची 1967 ची फिल्म मिळते, ती बघ. बघताना एकच गोष्ट पाहा: केस मागे जाताना ती काय करते. मारण्यापेक्षा मारण्याआधीचं थांबणं तिला जास्त जमलंय. हे शिकवून येतं की नाही मला माहीत नाही, पण पाहून पाहून थोडं येतं.

मग सगळं धडाधड आलं. केन रसेलच्या ‘विमेन इन लव्ह’साठी ऑस्कर मिळालं तेव्हा ती चौतिशीत होती. त्या फिल्मचं शूटिंग चालू असताना ती गरोदर होती. ‘अ टच ऑफ क्लास’ या हलक्याफुलक्या सिनेमासाठी दुसरं. ते कसं आलं ऐक. मॉरकम अँड वाइज या विनोदी जोडीच्या टीव्ही कार्यक्रमात ती क्लिओपात्रा बनून मनसोक्त टवाळी करून आली, आणि ते बघून दिग्दर्शकाने बोलावलं. पाहुणी म्हणून केलेलं काम! दोन्ही वेळा ती समारंभाला गेली नाही. ऑस्करच्या बाहुल्या आईकडे ठेवल्या. आईने त्या, आपण समया पितांबरीने घासतो तशा, इतक्या घासल्या की वरचा सोनेरी मुलामा गेला आणि आतला धातू दिसायला लागला. मला ही गोष्ट फार आवडते, त्या आईमुळे.

आता तुझा दुसरा प्रश्न. आईची भूमिका.

1971 मध्ये बीबीसीने ‘एलिझाबेथ आर’ केलं. सहा भाग, एकेक भाग म्हणजे एक अख्खं नाटक. पहिल्या एलिझाबेथची कुमारवयापासून एकोणसत्तराव्या वर्षी मरेपर्यंतची गोष्ट. ग्लेन्डा तेव्हा चौतीस. राणीच्या त्या उंच कपाळासाठी तिने पुढचे केस भादरून घेतले, खरोखर वस्तरा लावून. शेवटच्या भागात पांढरा रंग थापलेला चेहरा, काळवंडलेले दात, न बसण्याचा हट्ट. त्या कामाने तिला दोन एमी मिळाले. म्हणजे तिशीतल्या बाईने म्हातारी केली तर तिचं करिअर संपतं, हा तुमच्याकडचा नियम निसर्गाने केलेला नाही.

पण लगेच ‘मग घेते’ म्हणू नकोस. एलिझाबेथ म्हातारी आहे, तरी प्रवेश ती चालवते. माणसं तिच्यामुळे मरतात, जहाजं तिच्यामुळे निघतात. ग्लेन्डाची आयुष्यभराची तक्रार हीच होती की लेखक बाईला नाटकाचं इंजिन करत नाहीत, ती कुणाचीतरी कुणीतरी असते. तेव्हा वयाचं सोड आणि हे कर. त्या प्रॉडक्शनकडून पहिल्या काही भागांची पानं माग. देत नसतील तर निदान तुझ्या पात्राचा ट्रॅक तोंडी न ऐकता लिहून माग. मग तुझे संवाद सोडून बाकीच्यांचे झाक, आणि पेन्सिलने खूण कर: इथे ही आई काहीतरी ठरवते का, लपवते का, मागते का, खोटं बोलते का. की चहाचा ट्रे घेऊन येते, दोन्हीकडची वाक्यं ऐकते, डोळे पुसते आणि क्लोज-अपवर संगीत वाजतं? खुणा पडल्या तर घे, मग ती हीरोची आजी का असेना. पडल्या नाहीत तर पैसा किती आणि कर्ज किती, एवढाच हिशेब उरतो. तो हिशेबही लाजिरवाणा नाही, फक्त तो अभिनयाच्या नावावर खपवू नकोस.

आणखी एक. ‘तिनेही वाट पाहिली, मीही पाहीन,’ असं म्हणशील, म्हणून आधीच सांगते. ग्लेन्डाची गोष्ट सबुरीची नाही. गवंड्याची मुलगी राडात शिकू शकली ती स्कॉलरशिपमुळे, म्हणजे कुणीतरी पैसे भरले म्हणून. गावोगाव रेप कंपन्या होत्या म्हणून तिला पडून उठायला जागा मिळाली. आणि ब्रूकने नेमक्या त्या वर्षी तसली माणसं शोधायला घेतली. तुझ्याकडे यातलं काय आहे? एकांकिकांच्या स्पर्धा, प्रायोगिकवाले मित्र, तालमीला हॉल शोधण्याची वणवण. ते कमी आहे, आणि कमी आहे हे बोलायला हवं. दोष सगळा आपल्या चिकाटीवर घेण्याची तुम्हा मुलींना फार सवय.

आता त्या बँकेच्या नोकरीकडे परत येते, कारण या बाईच्या आयुष्यातला मला खरा रस तिथे आहे. पंचावन्नाव्या वर्षी, दोन ऑस्कर घरात, आणि तिने अभिनय सोडला. थॅचरबाईंच्या राज्यात शाळा, इस्पितळं, सामान्य माणसाचा आधार यांचं जे झालं त्याने ती इतकी संतापली की 1992 मध्ये मजूर पक्षातर्फे आमच्या हॅम्पस्टेड अँड हायगेटमधून उभी राहिली आणि कन्झर्व्हेटिव्ह ऑलिव्हर लेटविनना हरवून निवडून आली. त्यानंतर तेवीस वर्षं ना नाटक, ना सिनेमा. तिथे तिने काही फार मोठी पदं गाजवली नाहीत. दोनेक वर्षं वाहतूक खात्यात कनिष्ठ मंत्री, लंडनच्या महापौरपदाची उमेदवारी मागितली ती मिळाली नाही, इराक युद्धावरून स्वतःच्याच पक्षाच्या पंतप्रधानांशी भांडली. 2013 मध्ये थॅचर वारल्या तेव्हा सभागृहातल्या श्रद्धांजलीच्या चर्चेत बहुतेक जण मृदू बोलत असताना ही उठून त्यांच्या काळाचा हिशेब मांडू लागली. पलीकडच्या बाकांवरून आरडाओरडा झाला. ते भाषण यूट्यूबवर आहे. सभ्यपणाला धरून होतं का, यावर आमच्या घरात अजून दोन तट आहेत. तुझे काका विरुद्ध तटात. पण नटी म्हणून तू ते बघ: शेवटच्या बाकापर्यंत पोचवलेला प्रत्येक शब्द, आणि गोंधळ झाला तरी वाक्य पूर्ण करायचा हट्ट.

2015 मध्ये तिने खासदारकी सोडली. आणि 2016 च्या हिवाळ्याच्या तोंडावर, ऐंशीव्या वर्षी, ओल्ड व्हिकमध्ये उभी राहिली ती थेट किंग लिअर म्हणून. राजाच. राणी केलेली नाही, दाढी लावलेली नाही, पुरुषी आवाज काढायचा खटाटोप नाही. दिग्दर्शन डेबोरा वॉर्नरचं. मी गेले होते. ‘नटसम्राट’ डोक्यात घेऊनच गेले होते, आपल्या पिढीला लिअर अप्पांच्या वाटेनेच भेटतो ना. थोरल्या मुलीला, गॉनरिलला लिअर शाप देतो, तुला मूल न होवो, झालं तर ते तुला छळो, तो प्रवेश आला. बापाच्या तोंडी तो राग वाटतो. मूल झालेल्या बाईच्या शरीरातून तो येताना, त्या शापात नेमकं काय काय मोडतंय ते सगळं तिला माहीत आहे, असं वाटून अंगावर काटा आला. माझ्या शेजारच्या बाईने पर्स घट्ट धरली होती.

हे धाडस कुठून आलं, यावर तिने मुलाखतींत सांगितलेलं फार साधं आहे. खासदार म्हणून ती वृद्धाश्रमांत, म्हाताऱ्यांच्या केंद्रांत जायची. तिथे तिच्या लक्षात आलं की खूप वय झालं की बाई आणि पुरुष यांच्यातली रेषा पुसट व्हायला लागते. झालं, लिअर तिथे सापडला. तालमीच्या हॉलमध्ये नाही, मतदारांना भेटताना. पुढे 2019 मध्ये ‘एलिझाबेथ इज मिसिंग’मध्ये विसरभोळेपणाच्या आजाराने घेरलेली मॉड केली आणि बाफ्टा मिळालं. त्याच्या आदल्या वर्षी ब्रॉडवेवर ‘थ्री टॉल विमेन’ करून टोनी मिळवलं होतं. शेवटचा सिनेमा मायकल केनबरोबर, ‘द ग्रेट एस्केपर’. तो लागला ऑक्टोबर 2023 मध्ये, ती जूनमध्येच गेली होती, सत्त्याऐंशीची.

आपले डॉ. लागू बघ, उलट दिशेने आले. कान-नाक-घशाची चालती प्रॅक्टिस सोडून चाळिशीनंतर पूर्ण वेळ नट झाले, आणि 1970 मध्ये ‘नटसम्राट’मधले अप्पासाहेब बेलवलकर. घसा म्हणजे काय हे ज्याला आतून माहीत आहे त्याच्या तोंडी शिरवाडकरांची ती वाक्यं. एक दवाखान्यातून आला, एक पार्लमेंटमधून. तेव्हा बँकेची परीक्षा द्यायची असेल तर दे. फक्त काउंटरमागे बसून स्वतःची कीव करत बसू नकोस. समोर पेन्शनच्या रांगेत उभ्या असलेल्या आजोबांचा हात सही करताना कुठे अडतो, पासबुक ते कुठल्या पिशवीतून काढतात, मुलगा बरोबर असला की आवाज किती खाली जातो, हे बघ. वही ठेव. मी सांगते म्हणून नको, तुला नटी व्हायचंय म्हणून.

आणि बारीकसारीक. सेल्फ टेप पाठवताना ओठ मिटून हसायची जी नवी सवय लावून घेतलीस, ती मला दिसली. बंद कर. तुझं ते पुढे आलेलं दाताचं टोक तू खोटं बोलतानाच्या प्रवेशात मला कधीपासून आवडतं. त्याने ते पात्र धूर्त वाटतं आणि लगेच केविलवाणंही. तुझ्या आईला हे सांगू नकोस, ती डेंटिस्टला आगाऊ पैसे देऊन बसली असेल. दिले असतील तर परत माग. परत नाही मिळाले तर तिच्या अक्कलदाढेला वापर, ती कधीची दुखतेय.

करार सही करण्याआधी मला फोटो काढून पाठव, सगळी पानं, मागची छोटी अक्षरंसुद्धा. तीन वर्षं दुसरं काही करायचं नाही असं कलम आहे म्हणालीस. त्यात नाटकाचे प्रयोग धरलेत का, ते बघायला हवं. प्रायोगिकला सूट लेखी मिळत असेल तर घासाघीस करायला जागा आहे. तोंडी ‘बघू, अ‍ॅडजस्ट करू’ म्हणाले तर ते नाही असं समज. काका कागद बघतील. ते वकील नाहीत, पण शंका काढण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही.

‘एलिझाबेथ आर’चा सहावा भाग आधी बघ, पहिला नंतर.

तुझी,
मावशी